देवपुजारींची कापलेली नस

चौबे कॉलोनीत श्यामकांतराव देवपुजारींना ओळखत नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण, आणि त्यांना पोटभर जेवताना पाहिलंय असा सापडणं त्याहून कठीण. लग्न असो, मुंज असो, गणपतीचा महाप्रसाद असो, वाढणारा पंगतीत त्यांच्यापाशी आला रे आला की यांचा पंजा ताटावर आडवा.

"बस, बस. आपली तं नस कापून आहे."

नवा वाढपी असला तर बिचारा घाबरायचा. हाताची नस, की गळ्याची? मग शेजारचा कुणीतरी हसून सांगायचा, अरे पोटाची, पोटाची, तू पुढे चल. श्यामकांतराव मान डोलवायचे, समाधानानं. लोकांची पोरं परदेशात असतात, कुणाचा बंगला असतो, कुणाची ओळख मंत्र्यापर्यंत असते. यांची नस कापलेली होती. बढाई मारायला माणसाला काहीतरी लागतंच की हो.

गोष्ट खरी होती. सिंचाई विभागात नवेनवे बाबू म्हणून लागले तेव्हा पोटात अल्सर झाला. वेदना इतक्या की टेबलावर डोकं टेकून बसायचे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नागपूरला नेलं, तिथे सर्जननं पोट उघडलं आणि मेंदूकडून पोटाकडे येणारी नस कापली. त्या काळी हाच इलाज होता. ही नस पोटाला वर्दी देते, की बाबा ताट आलं, वास आला, कामाला लाग. वर्दीच बंद केली की पोट ॲसिड गाळत नाही आणि अल्सर भरून येतो. घरी सोडताना सर्जन म्हणाले, "आता भूक पहिल्यासारखी लागायची नाही. घड्याळ पाहून जेवत जा."

सर्जन बोलून गेले. दुसऱ्या पेशंटकडे वळून विसरूनही गेले असतील. श्यामकांतरावांनी मात्र ते वाक्य जन्मभराकरता गाठीला बांधलं. त्या दिवसापासून त्यांनी भूक हा शब्दच घरातून हद्दपार केला. दहाला जेवण, दोनला थोडं, पाचला थोडं, आठला थोडं. मध्येच पोटात गुरगुरलं तर म्हणायचे, "शारदे, गॅस झाला वाटते." आणि शारदाबाई चिमूटभर ओवा हातावर ठेवायच्या. ओवा चावत चावत हा माणूस घड्याळाकडे पाहत बसायचा.

शारदाबाई मूळच्या वर्ध्याच्या. हात असा चवीचा की गल्लीतल्या छत्तीसगढी बायका वाटी घेऊन शिकायला यायच्या. त्यातही त्यांचा गोळाभात. डाळीच्या भरड्याचे तिखट गोळे भातात वाफवायचे, मग ताटात मोडून वरून लसूण-मोहरी-लाल मिरचीची कडकडीत फोडणी ओतायची. फोडणी चर्र झाली की समोरच्या घरातला मुलगा विचारायचा, काकू, आज गोळाभात ना? आणि ज्याच्यासाठी केला तो माणूस दोन घास खाऊन पंजा आडवा करून बसलेला.

"अजून वाढू?"

"नको. नस कापून आहे."

"नस पोटाची कापली ना बाप्पा? जिभेची तं नाही कापली? एक डाव तरी म्हणा, वाढ अजून म्हणून. म्हणून तं पहा!"

श्यामकांतराव हसायचे. त्यांना ती गंमत वाटायची. शारदाबाई मात्र पातेलं हातात घेऊन क्षणभर तशाच उभ्या राहायच्या, मग आत जायच्या. जन्मभर दुसऱ्यांना वाढलं त्या बाईनं, आणि नवऱ्याच्या तोंडून "अजून" ऐकायचं राहून गेलं. तीन वर्षांमागे त्या गेल्या. ताप आला, दवाखान्यात नेलं, परत आणलं ते तसंच.

मग घर जे गप्प झालं ते झालंच. बंगळुरूहून यशदीप, त्यांचा मुलगा, रविवारी फोन करायचा. मराठी कळते त्याला सगळी, पण बोलणं हिंदीत.

"पापा, खाना खाया?"

"हव."

"क्या खाया?"

"खाना."

यापुढे बापलेकांना विषय सुचायचा नाही. पोट्टा वाईट नाही हो, पण फोनवर माणूस किती वेळ नुसता श्वास ऐकणार? मेसचा डबा यायचा. श्यामकांतराव तो ओट्यापाशी उभ्याउभ्याच उघडायचे. ताट घेणं सोडलं होतं. एकट्यासाठी ताट काय घ्यायचं? गुरगुरलं की ओवा, वाजले की दोन घास, उरलेलं गल्लीतल्या गायीला. शरीर निम्मं झालं. कुणी म्हटलं की वाळलात बुवा, तर उत्तर तयार होतं. नस कापून आहे ना.

यंदा मराठी मंडळाच्या स्नेहभोजनात असाच जिलबीवाला आला. पंजा आडवा झाला, वाक्य निघालं. आणि शेजारच्या खुर्चीवरची मुलगी एकदम वळली. हातातली जिलबी हातातच.

"काका, कोणती नस? व्हेगस? कधी कापली?"

श्यामकांतराव चक्रावले. इतक्या वर्षांत लोक हसले होते, हळहळले होते, पण "कोणती" असं कुणी विचारलं नव्हतं. मुलीचं नाव ज्ञानदा. पुरानी बस्तीतल्या मराठी घरातली, भोसल्यांच्या काळात आलेल्या घरांपैकी एक. मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवायची. शरीर चालतं कसं ते शिकवायचं, असं तिनंच सोपं करून सांगितलं. नस आणि पोट यांचं एकमेकांशी बोलणं कसं होतं, यावर तिचं संशोधन चालू होतं. नस तुटलेलं पोट पुढे चाळीस वर्षं कसं वागतं, हे तिला मोजायचं होतं, आणि अशी माणसंच मिळत नव्हती. अल्सर आता गोळ्यांनी बरा होतो. ते ऑपरेशन कधीचंच बंद पडलं.

"काका, मी सहा महिन्यांपासून तुम्हालाच शोधून राहिली आहे," ती म्हणाली.

आता सांगा, सत्तरी ओलांडलेल्या, ओट्यापाशी उभ्यानं जेवणाऱ्या माणसाला कुणी असं म्हटलं तर त्याचं काय होईल? श्यामकांतराव त्या दिवशी रिक्षा न करता पायी घरी गेले आणि वाटेत दोनदा आपल्याशीच हसले.

दर गुरुवारी जायचं ठरलं. बुधवारीच शर्टाला इस्त्री व्हायची. पोट उघडं करावं लागतं म्हणून दोन नवे बनियन आले. पेपरवाला, दूधवाला, कोपऱ्यावरचा पानठेला, सगळ्यांना खबर लागली. "मेडिकल कॉलेजले जाऊन राहिलो. रिसर्च आहे." पानठेल्यावरचा सचिन डोळे मिचकावून म्हणाला, "अंकल, आपको काट के देखेंगे क्या?" श्यामकांतराव म्हणाले, "कापायचं ते आधीच कापून झालं रे."

ज्ञानदा त्यांना खाटेवर निजवायची, पोटावर थंड जेल लावून वायरी चिकटवायची. मग पडद्यावर रेघ चालू लागायची. हळू वर, हळू खाली, मिनिटाला तीन लाटा. पोट रिकामं असो, झोपलेलं असो, त्याची ही लय आपली चालूच असते, तिला नस लागत नाही. नस असलेल्या माणसाला नुसता जेवणाचा वास आला तरी लाटा उंच होतात. तुमच्या होणार नाहीत, ती म्हणाली, आणि अशा न उठणाऱ्या लाटाच आम्हाला हव्या आहेत. श्यामकांतरावांनी पडद्याकडे कौतुकानं पाहिलं. आपल्या आत इतकी वर्षं हे असं चालू आहे आणि आपल्याला पत्ता नाही!

पण खरं सांगायचं तर त्या लाटांसाठी जात नव्हते ते. रेघ चालू असताना ती विचारायची. काल काय खाल्लं काका? केव्हा खाल्लं? चव लागली? डबा कोण देतं? काकू काय करायच्या? कामाचा भाग म्हणूनच विचारायची, हे त्यांना कळत होतं. कळून काय फरक पडतो? तीन वर्षांत "काल काय खाल्लं" याचं उत्तर कुणी थांबून ऐकलं नव्हतं. त्या खोलीत फॉर्मेलिनचा वास होता, भिंतीशी कपाटात जुनी धूळ खात पडलेली यंत्रं होती, आणि श्यामकांतरावांना आठवड्यातून एकदा तिथे घरी आल्यासारखं वाटायचं.

चौथ्या की पाचव्या गुरुवारी मुख्य चाचणी आली. ज्ञानदानं समोर गरम पोहे ठेवले आणि एक स्टीलचं भांडं.

"काका, घास घ्यायचा, मस्त चावायचा, पण गिळायचा नाही. या भांड्यात टाकायचा. पोटात काही गेलं तर पोट आपोआप हलतं, मग नस काय करते ते कळत नाही. म्हणून एक कणही गिळायचा नाही हं."

"थुकायचा?"

"हो."

श्यामकांतरावांनी भांडं दूर सरकवलं. त्यांच्या घरी ताटाबाहेर सांडलेलं शीत वडील उचलून खायला लावायचे. शारदाबाई जेवणाआधी ताटाला हात जोडायच्या. आणि चावलेलं अन्न थुंकायचं? तेही एका पोरीसमोर? नाही म्हणायची सोय नव्हती, नाही म्हटलं तर गुरुवार जाणार. त्यांनी घास घेतला, चावला, भांडं तोंडाशी नेलं. ओठ उघडेनात. ज्ञानदा पडद्याकडे वळली होती. श्यामकांतरावांनी टॉवेल तोंडावर धरला, खोकल्यासारखं केलं आणि गिळून टाकलं. पुढचा घासही तसाच. भांड्यात नुसती लाळ, ती त्यांनी टॉवेलखाली झाकली.

पडद्यावर लाटा उंच उठल्या.

ज्ञानदानं वायरी तपासल्या, पुन्हा पाहिलं. चेहरा पडला. "काका, तुमची नस तर काम करून राहिली आहे. पूर्ण कापली गेली नसावी."

"म्हणजे?"

"म्हणजे या अभ्यासात तुम्हाला घेता येणार नाही."

"म्हणजे पुढच्या गुरुवारी... येऊ नको?"

ती हळूच वायरी काढू लागली.

त्या दिवशी घरी येऊन श्यामकांतराव चपला न काढताच खुर्चीवर बसले. बढाई गेली, गुरुवार गेला, आणि हे सगळं दोन घासांसाठी. मी गिळलं म्हणून सांगावं, तर खोटारडा ठरतो. न सांगावं, तर पोरगी कायमची गेली आणि तिचं कामही चुकलं. रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी फोन लावला आणि नमस्कारही न करता बोलून टाकलं.

"बेटा, मी गिळले. पोहे."

पलीकडे एकदम मोठं हसू. "काहून काका?"

"मले थुकता नाही आलं. अन्न थुकायचं कसं, तूच सांग."

"अहो मग आधी सांगायचं ना! मी रात्रभर डोकं धरून बसली." हसू आवरून ती म्हणाली, "ठीक आहे. तोंडात घालायचंच नाही. नुसतं पाहायचं आणि वास घ्यायचा. पण जीव ओवाळून टाकावा असा पदार्थ पाहिजे. काकूंचं काय सगळ्यात छान?"

श्यामकांतरावांना विचार करावा लागला नाही. "गोळाभात."

"माझी आई करते. आणते मी."

आता त्यांचं सगळं एका रेघेवर आलं. रेघ सपाट राहिली तर गुरुवार राहणार. बुधवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून महामाया मंदिरात गेले आणि हात जोडून उभे राहिले. लोक देवीला बरं कर म्हणतात. हा म्हातारा म्हणत होता, माय, माझी नस कापलेलीच राहू दे. मागच्या बाईनं धक्का दिला तोवर तेच म्हणत होते.

गुरुवारी ज्ञानदानं पितळी डबा उघडला. पोट वायरींनी बांधलेलं, डोळे छताकडे. श्यामकांतरावांनी ठरवूनच ठेवलं होतं, की कशाचाच विचार करायचा नाही. त्यांनी सिंचाई विभागाचे जुने आकडे आठवायला घेतले. कालवा, उपकालवा, दरवाजे. अभनपूरच्या दौऱ्यावरची धूळ. रेघ चालली होती, हळू वर, हळू खाली. छान. आता फक्त निजून राहायचं.

ज्ञानदानं छोट्या हॉटप्लेटवर कढईत तेल ठेवलं. लसूण पडला. मोहरी तडतडली. लाल मिरच्या पडल्या, हिंग पडला, आणि ती कढई तिनं ताटातल्या मोडलेल्या गोळ्यांवर उलटी केली.

चर्र.

कालवा गेला, अभनपूर गेलं. दारात चपला काढताना यायचा तो हाच वास. फाटकाची कडी वाजली की शारदा फोडणी टाकायची, म्हणजे हातपाय धुऊन येईपर्यंत गरम. तोंडाला पाणी सुटलं, ते आवरेना. आणि पोट गुरगुरलं. इतकं मोठ्यानं की ज्ञानदाला ऐकू गेलं.

"गॅस झाला," ते सवयीनं म्हणाले.

ज्ञानदा पडद्याकडे पाहत होती. लाटा उठत होत्या, एकीवर एक, पोह्यांच्या दिवसापेक्षा उंच. ओठाला कण लागला नव्हता.

"काका," ती हळू म्हणाली, "हा गॅस नाही. याला भूक म्हणतात."

श्यामकांतराव उठून बसले. वायरी ताणल्या गेल्या. तिनं खांद्याला धरलं, पण ते तिच्याकडे पाहतच नव्हते.

"कधीपासून?"

"काय काका?"

"नस कधीपासून चालू आहे? आता झाली, का आधीपासूनच?"

"ते आता नाही सांगता येत. एखादा धागा तेव्हाच राहून गेला असेल, तसं व्हायचं. किंवा हळूहळू परत जुळला असेल. पण जुनं असणार. खूप जुनं."

"म्हणजे शारदा होती तेव्हा..."

ज्ञानदानं मान खाली घातली. इकडे श्यामकांतरावांना दिवसामागून दिवस आठवत होते. फाटकाशी आलं की गुरगुरायचं, ते. ऑफिसात दोनला डबा उघडायच्या आधी व्हायचं, ते. शारदानं हातावर ठेवलेला ओवा, आणि तो चावत घड्याळाकडे पाहणारे आपण. भूक होती. रोज होती. तिच्या फोडणीनं उठवलेली भूक घेऊन आपण तिच्याचसमोर पंजा आडवा करून बसलो. एका अनोळखी डॉक्टरचं एक वाक्य धरून ठेवलं आणि रोज समोर पातेलं घेऊन उभ्या असलेल्या बाईचं ऐकलं नाही. त्यांना रडू फुटलं. मोठ्या माणसासारखं नाही, लहान पोरासारखं, नाक ओढत ओढत.

ज्ञानदानं वायरी काढल्या, जेल पुसलं, बनियन खाली ओढून दिलं. पाणी आणलं. "काका, आमच्या घरी या ना एकदा. आईला भेटा. पुरानी बस्ती काही लांब नाही."

"येईन ना," श्यामकांतराव म्हणाले. पण "या ना एकदा" आणि गुरुवार यांतला फरक कळण्याइतकं आयुष्य त्यांनी काढलं होतं. तिला तिचं काम होतं, तिला दुसरा माणूस शोधायचा होता. तिची चूक काहीच नव्हती.

"चाचणी संपली. आता हे खाऊन घ्या," ती म्हणाली आणि ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं.

खूप दिवसांनी मांडीवर ताट आलं होतं. त्यांनी हात धुतले, ताटाला हात जोडले आणि पहिला घास घेतला. शारदाची चव नव्हती, मीठ थोडं कमी होतं. पण गोळा तिखट होता, फोडणी गरम होती, आणि भूक, हो भूकच, ती लागलेली होती. ते खात राहिले. घड्याळाकडे पाहिलं नाही. शीत न् शीत वेचून खाल्लं, ताट बोटांनी पुसून काढलं. मग ताट दोन्ही हातांनी पुढे धरलं.

"वाढ अजून थोडा."

ज्ञानदानं डबा उचलला, आत पाहिलं, चमचा तळाला फिरवला. कानकोंडी होऊन म्हणाली, "संपला काका. एवढाच आणला होता. तुम्ही दोनच घास खाता म्हणाला होतात ना."

श्यामकांतरावांनी ताट हळूच खाली घेतलं.

"असू दे बेटा," ते म्हणाले. "म्हणून पाहिलं फक्त."